नेड्राच्या हातात न बसणारं पिस्तूल

डेल्मर कास्टोच्या शेजारी, एकाच काउंटरमागे, मी अकरा वर्षं काढली. तो पिस्तुलं दाखवायचा आणि मी फॉर्म भरून घ्यायचे. अकरा वर्षांत त्याचा माझ्यावर किती विश्वास बसला म्हणाल, तर मी जेवायला निघाले की काचेच्या कपाटाची किल्ली तो माझ्याकडून मागून घ्यायचा आणि मी आले की दोन्ही बाजूंनी निरखून परत द्यायचा. किल्ली एकच होती. त्यात निरखायचं ते काय! पण त्याचं सगळं तसंच होतं.

आमचं दुकान कोल्टर्स फोर्कच्या वरच्या अंगाला, पेट्रोल पंपाला लागून. मालक होइट फ्लेशमन. शिकारीच्या रायफली, मासेमारीचे गळ, रबरी बूट, आणि काचेखाली पिस्तुलं. मागच्या बाजूला टेकडी कोरून केलेलं नेमबाजीचं मैदान. डेल्मर पूर्वी नदीकाठच्या काचकारखान्यात होता. कारखान्याला टाळं लागल्यावर इथं आला. उंच, किडकिडीत, मिशा पांढऱ्या, आणि शर्टाच्या खिशात चष्म्याच्या दोन जोड्या. एक जवळचा, एक लांबचा. दुकानात बसून लांबचा चष्मा कशाला लागतो, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की डेल्मर आधी लांबचा चष्मा चढवून खिडकीबाहेर बघायचा. गाडीत कोण बसलंय? इंजिन चालू आहे का?

तो जन्मतःच असा नव्हता. मी कामाला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी एक बाई आली होती. लाल कोट, हसरी, बडबडी. एका पिस्तुलाचं नाव घेतलं, हातात धरलंन् न धरलं, म्हणाली, "हेच." चार मिनिटांत काम झालं. बाहेर गाडीत एक माणूस बसून होता. फॉर्म मीच भरून घेतला. ‘हे हत्यार तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात ना?’ या प्रश्नापुढे तिनं झोकात ‘हो’ लिहिलं. सात आठवड्यांनी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाहून पोलिसांचा फोन आला, पिस्तुलाचा नंबर सांगत. काय घडलं ते मी उगाळत बसत नाही. ती लाल कोटवाली बाई जिवंत नव्हती, एवढं पुरे.

त्या दिवशी डेल्मर मागच्या बाकावर बसून राहिला तो दुकान बंद होईपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून त्यानं नवी रीत काढली. कुणी कुठलंही पिस्तूल मागो, तो तीन काढून ठेवायचा. तिन्ही आपोआप पुढची गोळी भरणारी, तिन्ही नऊ मिलिमीटरची, तिन्ही पाचशे डॉलरच्या आसपास. कारखाने वेगवेगळे, पण काम एकच. मग गिऱ्हाइकाला म्हणायचा, "घे हातात. घाई नाही." आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत राहायचा.

"हे बघ वांडा," तो मला सांगायचा, "स्वतःसाठी घेणारा माणूस गोंधळतो. एकाची मूठ आवडते, दुसऱ्याचा चाप आवडतो. तिसरं ठेवून देतो, परत मागतो. बायकोला विचारून येतो म्हणतो आणि गुरुवारी उगवतो. दुसऱ्यासाठी घेणारा गोंधळत नाही. त्याला नाव पाठ करून पाठवलेलं असतं."

"आणि एखाद्याला खरंच पटकन पसंत पडलं तर?"

"तर त्याला एक तास उशीर होईल. एका तासानं कोण मरत नाही."

होइटचं यावर रोज एक वाक्य ठरलेलं. "डेल्मर, हे दुकान आहे. चावडी नाही."

नोव्हेंबर लागला होता. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला, दुकानात शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्यांची झुंबड. अशा गर्दीत मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास नेड्रा सेअर आली. नेड्राला गावात कोण ओळखत नाही? तेवीस वर्षं ती शाळेची नऊ नंबरची बस चालवते. बर्फ असो, चिखल असो, खोऱ्यातलं प्रत्येक पोर तिनं घरून उचललंय आणि घरी सोडलंय. अंगानं लहानखुरी, बस चालवायला खाली उशी घ्यावी लागते. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गॅरी फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला. तेव्हापासून लॉरेल खोऱ्याच्या टोकाला ती एकटी राहायची.

डेल्मरनं लांबचा चष्मा चढवला. बाहेर नेड्राचीच हिरवी पिकअप उभी होती, पण चालकाच्या जागेवर दुसरंच कुणीतरी होतं.

"पिस्तूल बघायचंय," नेड्रा म्हणाली. "फार महाग नको. फार स्वस्तही नको."

"कशासाठी गं?"

"एकटी राहते ना मी. अस्वल येतं कचऱ्याच्या डब्याशी."

डेल्मरनं तीन काढून ठेवली. पहिलं अरुंद मुठीचं, लहान हाताच्या माणसांसाठी केलेलं. दुसरं मध्यम. तिसरं रुंद मुठीचं, जाडजूड, सतरा गोळ्यांचं. नेड्रानं पहिलं उचललं. तिचं बोट चापावर असं बसलं की जणू माप घेऊन केलंय. पिस्तुलाचा वरचा लोखंडी भाग, स्लाइड म्हणतात तो, मागे ओढून बघावा लागतो. तिनं तो सहज ओढला. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटलं. मला वाटलं, झालं, पसंत पडलं.

तेवढ्यात तिनं खिडकीकडे पाहिलं. पहिलं खाली ठेवलं आणि दुसऱ्याला हात न लावताच म्हणाली, "ते मोठंच दे."

डेल्मरनं दिलं. मूठ तिच्या पंजात मावेना. बोटाचं टोक कसंबसं चापाला लागत होतं. स्लाइड ओढायला गेली तर ती अर्ध्यावर अडकली. दात-ओठ खाऊन तिनं पुन्हा ओढली.

"नेड्रा, हे तुझ्या हाताला बसत नाही."

"सवय होईल."

"स्लाइड ओढता येत नाही तुला. अस्वल काय थांबणार आहे?"

"डेल्मर, मी चौदा टनांची बस चालवते. मला शिकवू नकोस."

"पहिलं नीट बसलं होतं."

"मला मोठंच हवंय म्हटलं ना!"

"का?"

 ती पर्समध्ये काहीतरी चाचपू लागली. एक घडी घातलेली चिठ्ठी बाहेर आली आणि तितक्याच झटक्यानं आत गेली. डेल्मरनं माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मची पानं जुळवत असल्याचं दाखवलं.

"गाडीत कोण आहे?" त्यानं विचारलं.

"ट्रॉय. गॅरीच्या भावाचा मुलगा. ओहायोहून आलाय. मला सोडायला आला."

"बस चालवणाऱ्या बाईला कुणी सोडायला लागतं?"

नेड्रा काही बोलायच्या आत दार उघडलं आणि तो ट्रॉय आत आला. तिशी-पस्तिशीचा, दाढी कोरलेली, बोलायला गोड. "काकू, झालं का?" म्हणाला. मग डेल्मरला, "नमस्कार सर." बोलता बोलता त्याचा हात काउंटरवरच्या मोठ्या पिस्तुलाकडे आपसूक गेला. गेला, आणि वीतभर अंतरावर थबकला. मग त्यानं तो हात जॅकेटच्या खिशात घातला.

"बघ की हातात घेऊन," डेल्मर म्हणाला. आवाज अगदी साधा.

"नको सर. मला असल्या गोष्टींची आवड नाही."

"तुरुंगात जाऊन आलेल्याला हत्याराला हात लावता येत नाही," डेल्मर माझ्याकडे बघून म्हणाला, जणू हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. "हो ना वांडा? कायदाच आहे तसा."

ट्रॉयचं हसू तसंच राहिलं, पण डोळे हलले. डेल्मरनं तिन्ही पिस्तुलं उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली.

"आज नाही, नेड्रा. शनिवारी ये, मागच्या मैदानावर तिन्ही चालवून बघ. एकटी ये."

मग नेड्राचा जो भडका उडाला! अख्ख्या दुकानाच्या नारिंगी टोप्या वळल्या. "तुझ्या तिन्ही पोरांना मी सहा-सहा वर्षं शाळेत नेलंय, डेल्मर कास्टो! तुझा लहाना दोनदा माझ्या बसमध्ये ओकला, तो मी पुसला! आणि तू मला नाही म्हणतोस? मला? मी काय चोर आहे?"

"आज नाही," डेल्मर पुन्हा म्हणाला.

ती पाय आपटत निघून गेली. ट्रॉयनं जाता जाता दार हळूच लावलं. त्या हळूच लावण्याचाच मला राग आला, का ते सांगता येत नाही.

दुपारपर्यंत गावभर झालं. होइट तणतणत आला. "विधवा बाईला हाकललंस तू! उद्या माझ्या दुकानात कोण पाऊल टाकेल?" रविवारी माझ्या शेजारी बसणाऱ्या चर्चमधल्या बायकांनी किराणा दुकानात मला पाहून तोंडं फिरवली. मलाही वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. बुधवारी जेवताना मी बोललेच. आम्ही दोघं बेकरीतले पेपरोनी रोल, म्हणजे सॉसेज भरलेले पाव, खात होतो.

"तुला सगळे चोरच दिसतात, डेल्मर."

"सगळे नाहीत. पण कोण नाहीत ते आधी कळत नाही ना."

"नेड्रा आहे ती. नेड्रा!"

"म्हणूनच. नेड्राला खोटं बोलता येत नाही. अस्वल म्हणाली. नोव्हेंबरात, त्या उंचीवर? एव्हाना अस्वलं गुहेत झोपी गेलेली असतात. तिच्याकडे गॅरीची शिकारीची बंदूक होती, ती कुठं गेली? आणि तिची गाडी तो का चालवतो?"

मी म्हटलं, असतील काही कारणं. पण संशय हा रोग आहे, लागतो. त्याच दिवशी हिरवी पिकअप पेट्रोल पंपाशी अर्धा तास उभी राहिलेली मी पाहिली. पेट्रोल कुणी भरत नव्हतं. आत ट्रॉय एकटाच, आमच्या दाराकडे तोंड करून. मग पिकअप निघाली ती गावाकडे नाही, मोठ्या रस्त्याकडे, शेजारच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दिशेनं. गुरुवारी कामावरून घरी जाताना माझ्या मागे एक हिरवी पिकअप लागली. वळणावळणाला मागेच. मी गाडीची दारं आतून लावून घेतली. शेवटी माझ्याच गल्लीत वळली तेव्हा कळलं, तो आमचा शेजारी आर्ली होता. बारा वर्षं त्याची गाडी हिरवीच आहे. खाली उतरून विचारतो, "काय गं वांडा, भूत पाहिलंस?" त्याला काय सांगणार?

शनिवारी नेड्रा येईल असं मला वाटलं नव्हतं. पण नऊला दार उघडतो तोच ती पायरीवर उभी. पाद्रीबाईच्या गाडीतून आली होती. पाद्रीबाई काही न विचारता पुढे निघून गेली. नेड्राचा चेहरा ओढलेला होता. डेल्मरनं लांबचा चष्मा चढवून रस्ता दोन्ही बाजूंना बघून घेतला, मगच तिला आत घेतलं.

मैदानावर थंडी मी म्हणत होती. टेकडीच्या पायथ्याशी कागदी निशाण लावलं. डेल्मरनं तिला कानाला आवरण दिलं आणि आधी मोठं पिस्तूल दिलं. पाच गोळ्या. बोटाच्या टोकानं चाप खेचायचा तर नळी दर वेळी डावीकडे खाली जायची. कागदाच्या कोपऱ्यात दोन भोकं पडली, बाकीच्या तीन मातीत. मध्यम पिस्तुलानं बरं झालं, पण गोळ्या विखुरल्या. मग अरुंद मुठीचं. हलकं असल्यानं त्याचा झटका जोरात बसतो. तिच्या मनगटाचा सांधा दर वेळी उडत होता. पण पाची गोळ्या मुठीएवढ्या जागेत गेल्या.

"हेच," ती म्हणाली. "हे माझं."

मला हायसं वाटलं. आता तरी होईल. पण डेल्मरच्या कपाळावरची आठी तशीच. आत येताना माझ्या कानाशी पुटपुटला, "मंगळवारी मी काय म्हणालो ते ऐकून आलीय. मला जे हवं ते दाखवतेय. तसं असलं तर?"

"अरे, निशाण तर बघ!" मी म्हटलं.

मी फॉर्म पुढे ठेवला. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं तिनं शाळेतल्या मुलीसारखं नीट लिहिलं. मग तो प्रश्न आला. स्वतःसाठीच घेत आहात ना? पेन थांबलं. ती त्या ओळीकडे बघत राहिली. बाहेर एक ट्रक खडखडत गेला, तरी तिनं मान वर केली नाही.

"माझ्यासाठीच आहे," ती हळू म्हणाली. "देवाशपथ माझ्यासाठीच. पण डेल्मर, ज्याची भीती वाटते तो आपल्याच घरात झोपत असला तर कुठलं चालतं? छोटं की मधलं?"

दुकानात आम्ही तिघंच होतो. डेल्मरनं दाराला कडी घातली.

मग सगळं बाहेर आलं. ट्रॉय ऑगस्टमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून आला होता. ओहायोत कुणाला तरी अर्धमेला मारल्याबद्दल आत होता, शिक्षेतली काही वर्षं सूट मिळून बाहेर आलेला. गॅरीचं रक्त म्हणून तिनं ठेवून घेतलं. पहिले पंधरा दिवस त्यानं गवत कापलं, छप्पर दुरुस्त केलं. मग गॅरीची बंदूक नाहीशी झाली. मग पिकअपची किल्ली त्याच्या खिशात राहायला लागली. बसपर्यंत तो सोडणार, बसपासून तो आणणार. फोन वाजला की आधी तो उचलणार. एकदा तिनं ‘आता जा’ म्हटलं, तर त्यानं जेवणाचं ताट शांतपणे भिंतीवर फोडलं आणि तितक्याच शांतपणे स्वतःच पुसून काढलं.

"चिठ्ठी त्यानं दिली होती?" डेल्मरनं विचारलं.

"नाव लिहून दिलं होतं. मोठ्याचं. मंगळवारी ते छोटं हातात धरलं ना, तेव्हा वाटलं, हे घेऊन मागच्या दारानं पळून जावं." तिनं नाक पुसलं. "तू नाही म्हणालास तेव्हा तुझा असा राग आला होता. आणि गाडीत बसले तेव्हा इतकं सुटल्यासारखं वाटलं की मला रडू आलं. त्याला वाटलं मी अपमानानं रडतेय."

"मग आता दे तिला," मी डेल्मरला म्हणाले. "आता तर खरंच तिच्यासाठी आहे."

डेल्मरनं छोटं पिस्तूल उचललं, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून पाहिलं, रिकामं आहे याची दोनदा खात्री केली आणि कपाटात ठेवून दिलं.

"आज पण नाही."

मी त्याच्यावर ओरडलेच.

"ऐक," तो तिला म्हणाला. "तू हे घरी नेशील. उशीखाली ठेवशील. तो किल्ल्या शोधून काढतो, बंदूक शोधून काढतो, हे नाही शोधणार? चार दिवसांत हे त्याचं झालेलं असेल. आणि तू त्याच्यावर गोळी चालवशील? ज्याला गॅरीचं रक्त म्हणून दोन वेळा वाढलंस? तू एक क्षण थांबशील नेड्रा. तो थांबणार नाही."

"मग मी काय करू?"

"आधी तो जायला हवा. पिस्तूल मग."

सुटलेल्या कैद्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी असतो. ट्रॉयचाही होता. त्याच्या नावाचं कार्ड नेड्रानं स्वयंपाकघराच्या खणातून काढून बुटात घालून आणलं होतं. म्हणजे तिनंही सगळं ठरवूनच घर सोडलं होतं. डेल्मरनं फोन तिच्यापुढे सरकवला. तिनं कार्ड फोनशेजारी ठेवलं.

"गॅरी असता तर काय म्हणाला असता?"

"गॅरी असता तर हा आलाच नसता," मी म्हणाले.

तिनं फोन लावला. शनिवार असल्यानं निरोपाच्या यंत्रावर बोलावं लागलं. मग शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसांच्या, कचेरीत. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, घरात आत्ता हत्यार आहे का? नेड्रा म्हणाली, गॅरीची बंदूक होती, आता दिसत नाही. सोमवारी अधिकारी येतील, तोवर घरी जाऊ नका, असं त्यानं सांगितलं.

दोन दिवस ती माझ्याकडे राहिली. डेल्मर तासातासाला फोन करायचा. खिडक्या लावल्यास का? आर्लीची गाडी कुठं लावलीय? शेवटी नेड्रानंच फोन घेतला. "डेल्मर, आम्ही सूप खातोय. सुपात काय घातलंय तेही सांगू का?" त्या दोन दिवसांत ती तेव्हा एकदाच हसली. ट्रॉयला तिनं चर्चच्या बायकांबरोबर दुसऱ्या गावी राहिल्याचं कळवलं होतं. खरं वाटलं की नाही कोण जाणे. रविवारी हिरवी पिकअप माझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन गेली. आर्ली तेव्हा अंगणात सरपण फोडत होता, आणि त्याची गाडी दारात होती.

सोमवारी सकाळी नेड्रा नेहमीसारखी नऊ नंबरची बस घेऊन निघाली. मी म्हटलं, आज सुट्टी घे. तर म्हणाली, "पोरांनी काय केलंय?" दहा वाजता अधिकारी आणि दोन शिपाई लॉरेल खोऱ्यात गेले. ट्रॉयनं दार उघडलं, चहा विचारला म्हणे. खोलीची झडती घेतली तेव्हा गादीखाली गॅरीची बंदूक सापडली. आणि तिच्या शेजारी, डब्यासकट, एक नवंकोरं पिस्तूल. रुंद मुठीचं, सतरा गोळ्यांचं. आमच्याकडे होतं अगदी तसंच.

डब्यात पावती होती. शेजारच्या काउंटीतल्या कुठल्याशा दुकानाची, एका बाईच्या नावावर. ट्रॉयची तिकडली कुणी मैत्रीण. तारीख बुधवारची. आम्ही पेपरोनी रोल खात भांडत होतो, त्या बुधवारची. म्हणजे शनिवारी नेड्रा आमच्या काउंटरवर रडत होती तेव्हा ते पिस्तूल तिच्या घरात येऊन तीन दिवस झाले होते.

ही बातमी सांगायला शिपाई दुकानात आला तेव्हा डेल्मर एका गिऱ्हाइकाला बूट दाखवत होता. ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाच्या बुटाची नाडी बांधून दिली. मग मला म्हणाला, "किती वेळात विकलं असेल गं त्यांनी?"

ट्रॉय परत आत गेला, राहिलेली शिक्षा आणि वरून नवी. मैत्रिणीवरही खटला भरला. गावानं डेल्मरची माफी मागितली असं काही झालं नाही. ज्या बायकांनी तोंडं फिरवली होती त्या आता म्हणू लागल्या, आम्हाला तर पहिल्या दिवसापासून तो पोरगा खटकत होता.

मार्चमध्ये नेड्रा पुन्हा आली. एकटी, स्वतः पिकअप चालवत. डेल्मरनं तीन काढून ठेवली. मी मनात म्हटलं, छोटं घेईल. पण तिनं दोन तास लावले. छोट्याचा झटका थंडीत मनगटाला सोसत नाही म्हणाली. मोठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मधल्याची स्लाइड अंमळ जड होती, पण डेल्मरनं तिला युक्ती दाखवली. हातानं खेचायची नाही, पिस्तूल छातीशी धरून मूठ पुढे ढकलायची. तिसऱ्यांदा जमलं. शिवाय मधल्याच्या नेमाचा ठिपका हिरवा, ठळक, तिच्या दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून नीट दिसत होता. तरी ती पुन्हा छोट्याकडे वळली, पुन्हा मधलं उचललं, मागच्या मैदानावर दोन्ही परत चालवली, माझं मत विचारलं, मी दिलेलं मत धुडकावलं.

"घरी आता कोण राहतं?" डेल्मरनं विचारलं.

"मी आणि मांजर."

"मांजर कधी आलं?"

"डेल्मर!"

"विचारलं नुसतं."

फॉर्मवरच्या त्या प्रश्नापुढे तिनं न थांबता ‘हो’ लिहिलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि त्याला म्हणाली, "आता तपास माझे दात-ओठ. घोडीसारखे." त्यानं खरंच तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि मगच मला मान हलवून खूण केली.

पुढच्या उन्हाळ्यात होइटनं डेल्मरचे कामाचे दिवस कमी केले. शनिवार काढून घेतले, मग शुक्रवार. भांडण झालं नाही. डेल्मरनं एक दिवस दोन्ही चष्मे खिशात घातले आणि गेला. त्याच्या जागी जो आलाय तो हुशार आहे, हसतमुख आहे, गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत मोकळं करतो. होइट खूष आहे. मी अजून फॉर्म भरून घेते आणि त्या ओळीशी पेन पोचलं की माणसाच्या तोंडाकडे बघते. बऱ्याचदा काहीच कळत नाही.

डेल्मर आता खालच्या अंगाला बी-बियाणं आणि कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात बसतो. मागच्या आठवड्यात आर्ली तिथं उंदराचं औषध आणायला गेला होता. पाऊण तासानं हात हलवत परत आला, लालबुंद होऊन.

"उंदीर किती आहेत विचारतो!" आर्ली म्हणाला. "मी म्हटलं, मोजले नाहीत. तर म्हणतो, मोजून ये."